डुकराच्या पिलाने उघडलेले दार

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांस निमंत्रण दिले, तेव्हा आम्ही कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. ती रास्तच होती. तीस वर्षे आम्ही कारखान्यांच्या दारांशी उभे राहून सभा घेत आलो आहोत आणि दुसरे काही आम्हांस येत नाही असा आमचा लौकिक आहे. शाळेत आम्ही नववीपर्यंतच गेलो. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील एका कपाटाने केले. त्या कपाटात कायद्याची पुस्तके होती, इतिहासाची होती आणि तळच्या खणात कोणीतरी ठेवून गेलेल्या मुलांच्या गोष्टीही होत्या. आज आम्ही त्या तळच्या खणाकडे वळणार आहोत. विषय आहे एका डुकराच्या पिलाचा चित्रपट, किंबहुना त्या चित्रपटाचा दुसरा भाग.

कोणी म्हणेल, हा इतिहास कसा? आमचे उत्तर असे की, मोठ्या माणसांनी आपल्या मुलांना जगाविषयी काय सांगितले आणि काय लपवले, हाही इतिहासच होय. लढायांच्या सनावळीत तो सापडत नाही, पण घराघरांत घडत असतो. १९९८ साली एका दिग्दर्शकाने, जे लपवायचे असा सर्वांचा संकेत होता, ते मुलांना दाखवले. त्याचे पुढे काय झाले, हे आम्ही येथे क्रमाने सांगणार आहोत.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. डिक किंग-स्मिथ नावाचे एक इंग्रज गृहस्थ होते. त्यांनी सुमारे वीस वर्षे शेती केली. शेती तोट्यात गेली आणि ती सोडावी लागली. पुढे ते प्राथमिक शाळेत शिक्षक झाले आणि उतारवयाकडे झुकल्यावर मुलांसाठी लिहू लागले. १९८३ साली त्यांचे ‘द शीप-पिग’ हे पुस्तक निघाले. एक अनाथ डुकराचे पिलू एका शेतकऱ्याकडे येते. तेथील कुत्री त्याला आपले मानते. पिलू मेंढ्या राखण्याचे काम शिकते. कुत्री मेंढ्यांना धाकात ठेवतात, पण हे पिलू त्यांच्याशी अदबीने बोलते. मेंढ्या त्याचे ऐकतात, एवढीच गोष्ट. १९८४ साली तिला ‘गार्डियन’ वृत्तपत्राचे बालसाहित्याचे पारितोषिक मिळाले. शेतीत हरलेल्या माणसाने लिहिलेली ही शेतीची गोष्ट आहे, एवढे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

हे पुस्तक ऑस्ट्रेलियातील जॉर्ज मिलर यांना आवडले. मिलर यांचा जन्म १९४५ चा. ते शिकून डॉक्टर झाले होते आणि सिडनीच्या इस्पितळात अपघाताचे रोगी पाहत होते. वैद्यकी करता करता ते चित्रपटाकडे वळले आणि १९७९ साली त्यांनी ‘मॅड मॅक्स’ काढला. मोडून पडलेल्या समाजाची आणि भरधाव मोटारींची ती कथा मुलांची खचितच नव्हे. अशा माणसाने डुकराच्या पिलाची गोष्ट हाती घ्यावी, याचे अनेकांना नवल वाटले. पटकथा मिलर आणि क्रिस नूनन यांनी मिळून लिहिली, दिग्दर्शन नूनन यांनी केले आणि मिलर निर्मात्यांपैकी एक होते. चित्रण न्यू साउथ वेल्समधील रॉबर्टसन या गावच्या हिरव्या टेकड्यांवर झाले.

यातील कामाची पद्धत आमच्यासारख्या माणसाला फार रंजक वाटते. डुकराची पिले भराभर वाढतात. तीन-चार आठवड्यांत पिलू अंगाने इतके बदलते की, मागच्या दृश्याशी पुढचे दृश्य जुळत नाही. म्हणून त्या एका ‘बेब’साठी एकंदर ४८ पिले आळीपाळीने वापरली गेली. पडद्यावर नाव एकाचे, हजेरीपटावर मात्र अठ्ठेचाळीस! बदली कामगाराची पद्धत आम्ही गिरण्यांत पाहिली होती, ती डुकरांतही आहे हे तेव्हा कळले. जेथे खऱ्या प्राण्याकडून काम होईना, तेथे जिम हेन्सन यांच्या कारखान्यात घडवलेले यांत्रिक प्राणी उभे केले आणि बोलणाऱ्या ओठांची हालचाल संगणकाने बसवली.

हा पहिला ‘बेब’ १९९५ साली प्रदर्शित झाला. खर्च सुमारे ३ कोटी डॉलर आणि जगभरची तिकीटविक्री २५ कोटी डॉलरांहून अधिक. त्याला ऑस्करची सात नामांकने मिळाली, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचेही एक होते. दृश्य-परिणामांचे पारितोषिक त्याला प्रत्यक्ष मिळाले. मितभाषी शेतकरी हॉगेट यांची भूमिका करणाऱ्या जेम्स क्रॉमवेल यांचेही नामांकन होते. त्या कामाच्या सुमारास क्रॉमवेल यांनी दूध, अंडी हेही सोडले, हे सर्वविश्रुत आहे.

आता एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पहिला चित्रपट गोड होता आणि दुसरा काळोखी, असे पुष्कळ लोक म्हणतात. ते पूर्ण खरे नाही. पहिल्या चित्रपटाच्या आरंभीच पिलाच्या आईला कत्तलखान्याकडे नेतात. नाताळच्या मेजवानीला कोणाचा बळी जाणार, या भीतीत शेतावरचे प्राणी दिवस काढतात. पिलावर माया करणारी म्हातारी मेंढी रानटी कुत्र्यांच्या हल्ल्यात मरते. म्हणजे काळोख तेथेही आहे. पण त्या काळोखाला तोंड आहे. कुत्रा दिसतो, सुरी दिसते आणि कोणापासून पळायचे ते कळते. दुसऱ्या चित्रपटातला काळोख असा नाही, आणि खरा फरक तेथेच आहे.

पहिल्याला एवढे यश मिळाल्यावर दुसरा निघणार हे ठरलेलेच होते. धंद्याचा नियमच तसा आहे. एक नाणे चालले की, त्याच टाकसाळीतून तसेच दुसरे पाडावे. युनिव्हर्सल कंपनीला दुसरे ‘बेब’ हवे होते, म्हणजे तीच टेकडी, त्याच मेंढ्या आणि आणखी एखादी शर्यत. या वेळी दिग्दर्शन स्वतः मिलर यांनी घेतले. पटकथा त्यांनी ज्यूडी मॉरिस आणि मार्क लँप्रेल यांच्यासह लिहिली. आणि त्यांनी पिलाला टेकडीवरून उचलून शहरात नेऊन सोडले.

चित्रण सिडनीतील मूर पार्क येथे नव्याने उभ्या राहिलेल्या फॉक्स स्टुडिओत झाले. ही जागा पूर्वी कशाची होती? तेथे शतकाहून अधिक काळ सिडनीचे मोठे शेतकी प्रदर्शन भरत असे. खेड्यांतले शेतकरी आपली गुरे, मेंढ्या आणि डुकरे घेऊन तेथे बक्षिसासाठी येत. १९९७ नंतर ते प्रदर्शन दुसरीकडे हलवले गेले आणि त्या मैदानावर चित्रपटाचे कारखाने आले. जत्रेला निघालेले डुक्कर जत्रेपर्यंत पोचतच नाही, अशी ही कथा. ती डुकरांची जत्रा जेथून उठवली गेली, त्याच जागेवर चित्रित झाली! ही कोणी योजना केली असेल असे आम्ही म्हणत नाही. पण गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले बाजार पाहिलेल्या माणसाला हे वाचून थांबावेसे वाटते, एवढे खरे.

आता कथा ऐकावी. पिलू बक्षीस मिळवून वाजतगाजत घरी येते. शेतकरी हॉगेट विहिरीत उतरून पंप दुरुस्त करीत असतात. पिलू त्यांना मदत करायला धावते आणि त्याच्याच हातून अपघात होतो. धनी विहिरीत कोसळून जबर जखमी होतात आणि अंथरुणाला खिळतात. काम करणारा हात थांबला की, कर्जाचा हप्ता थांबतो. मग बँकेचे दोन फिकट चेहऱ्यांचे गृहस्थ दारात येऊन उभे राहतात. मुलांच्या चित्रपटाच्या आरंभीच अपघात, अपराधाची टोचणी आणि जप्ती! लेखकाची शेती बुडाली होती, हे आम्ही मघाशी सांगितले. हा दुसरा भाग त्यांच्या पुस्तकात नाही, पण त्यांच्या आयुष्याच्या फार जवळचा आहे.

दूरच्या जत्रेत पिलाला उभे केले तर चांगले मानधन मिळणार असते. म्हणून हॉगेटबाई पिलाला घेऊन विमानाने निघतात. वाटेत विमानतळावर एक हुंगणारा कुत्रा आपली हुशारी दाखवण्याच्या भरात खोटाच इशारा देतो. बाईंना संशयित म्हणून कोठडीत बसवतात, त्यांची झडती घेतात आणि पुढचे विमान निघून जाते. जत्रा बुडाली, पैसा बुडाला. परक्या शहरात एक खेडवळ बाई आणि तिच्याबरोबर डुक्कर. त्यांना कोण खोली देणार? हॉटेलांची दारे एकामागून एक बंद होतात.

ते शहर कोणते म्हणाल, तर कोणतेच नाही आणि सर्वच आहेत. खिडकीतून पाहावे तर सिडनीचे ऑपेरागृह, पॅरिसचा आयफेल मनोरा, न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि सॅन फ्रान्सिस्कोचा पूल एकाच ठिकाणी उभे! खाली कालवे. खेड्यातून प्रथम शहरात उतरलेल्या माणसाला शहर असेच भासते. ज्यांची नुसती नावे ऐकली ती सारी शहरे त्याला तेथे एकत्र उभी दिसतात आणि त्यांतील एकही त्याला आत घेत नाही.

अखेर एक दार उघडते. एका पडक्या हॉटेलची मालकीण शेजाऱ्यांच्या नकळत प्राण्यांना आसरा देत असते. तेथे मांजरे आहेत, कुत्री आहेत, एका म्हाताऱ्या विदूषकाची चिंपांझी मंडळी आहे आणि कपडे घालून अदबशीरपणे वागणारा एक ओरांगउटान आहे. मिकी रूनी या जुन्या नटाने तो विदूषक केला आहे. पुढे विदूषकाला इस्पितळात नेतात, मालकीण त्याच्यामागे जाते आणि पिलाला शोधायला बाहेर पडलेल्या हॉगेटबाईंना पोलीस धरून नेतात. घरात कर्ते कोणी उरत नाही. अन्न संपते.

येथे या चित्रपटातील सर्वांत कठीण प्रसंग येतो. राखणीचा एक दांडगा कुत्रा पिलाच्या जिवावर उठून त्याचा पाठलाग करतो. पुलावरून उडी घेताना त्याची साखळी अडकते. तो उलटा लोंबकळतो आणि त्याचे डोके कालव्याच्या पाण्यात बुडते. काठावर सारे प्राणी उभे आहेत. कोणी हलत नाही. दिग्दर्शक ही गोष्ट चटकन उरकून टाकत नाही. आपण पाहत राहतो, आणि पाहणारे ते प्राणीही आपल्यासारखेच असतात. मग ज्याच्या जिवावर तो कुत्रा उठला होता तेच पिलू पाण्यात उडी घेते आणि एक होडी ढकलीत त्याच्या खाली आणते. कुत्रा वाचतो.

त्यानंतर रस्त्यावरची उपाशी कुत्री-मांजरे पिलाजवळ गोळा होतात आणि पिलू त्या सर्वांना हॉटेलात घेऊन जाते. खायला काय? एका बरणीत साखरेच्या रंगीत गोळ्या आहेत, तेवढ्याच. त्या मोजून वाटायच्या असतात. वाचलेला तो दांडगा कुत्रा आता व्यवस्था पाहतो आणि प्रत्येकाने रांगेत येऊन आपला वाटा घ्यावा व पिलाचे आभार मानावेत असे बजावतो. श्रोतेहो, संपाच्या काळात धान्य वाटताना आम्ही अशा रांगा लावल्या आहेत. कालपर्यंत मालकाच्या बाजूने काठी घेऊन उभा असलेला माणूस एखाद्या दिवशी आपल्या रांगेची व्यवस्था ठेवू लागतो, हेही आम्ही पाहिले आहे. या दृश्यात आम्हांस कोणतीही अतिशयोक्ती दिसली नाही.

मग धाड पडते. शेजाऱ्याच्या तक्रारीवरून प्राणी पकडणारी माणसे येतात आणि जाळी टाकून सर्वांना उचलून नेतात. मागचे पाय निकामी झाल्यामुळे चाकांच्या गाड्यावर चालणारा एक लहान कुत्रा त्या मोटारीला दातांनी लटकतो, फेकला जातो आणि रस्त्यावर निपचित पडतो. क्षणभर त्याला आपण फुलांच्या कुरणात बागडत आहोत असे दिसते. मग तो परत येतो, त्याच रस्त्यावर आणि त्याच मोडक्या गाड्याशी. पुढे पिंजऱ्यांतून सुटका होते तेव्हा घाई असतानाही तो ओरांगउटान अंगावर कपडे चढवल्याशिवाय बाहेर पडायला तयार होत नाही. सर्वजण त्याच्यासाठी थांबतात. माणसाजवळचे सर्व काढून घेतले तरी तो कशासाठी अडून बसतो, हे ज्याला समजले त्याने हे दृश्य लिहिले असले पाहिजे.

यात खलपुरुष कोण, हे आता शोधावे. बँकेचे गृहस्थ नियमाने वागतात. विमानतळावरचे अधिकारी नियमाने वागतात. हॉटेलवाले नियमाने नकार देतात. तक्रार करणारा शेजारीही नियमच सांगतो. ज्याच्यापासून पळावे असे तोंड कोठेच नाही. पहिल्या चित्रपटातला लांडगेतोड करणारा कुत्रा येथे नाही, येथे कचेऱ्या आहेत. मुलांच्या चित्रपटात हे दाखवणे यालाच आम्ही धोका पत्करणे म्हणतो. रक्ताचा एकही थेंब न दाखवता हा चित्रपट पहिल्यापेक्षा काळोखा झाला, तो या कारणाने.

आता धंद्याकडे वळू. चित्रपटाचे काम अगदी अखेरच्या दिवसांपर्यंत चालू होते. २५ नोव्हेंबर १९९८ रोजी, अमेरिकेतील आभारदिनाच्या सुटीत, तो लागला. त्याच सुटीत पिक्सारचा ‘अ बग्ज लाइफ’ सर्वत्र लागला, आणि ‘द रगरॅट्स मूव्ही’ त्याआधी पाच दिवस लागून गर्दी खेचीत होता. ‘अ बग्ज लाइफ’ ही मुंग्यांची कथा. टोळ येऊन मुंग्यांकडून दरसाल धान्य वसूल करतात. एके दिवशी मुंग्यांच्या ध्यानात येते की, टोळ थोडे आणि आपण पुष्कळ, आणि त्या एक होऊन टोळांना पिटाळतात. अमेरिकेतील मुले आईबापांसह त्या चित्रपटाला लोटली आणि तेथे त्याने १६ कोटी डॉलर मिळवले. युनियनच्या माणसाने याबद्दल तक्रार करणे शोभणार नाही! तरीही म्हणावे लागते की, मुंग्यांचा विजय पाहणे सोपे आहे. जिंकण्याच्या आधीची रात्र पाहणे अवघड.

‘बेब’च्या दुसऱ्या भागाचा खर्च सुमारे ९ कोटी डॉलर होता. अमेरिकेत त्याची तिकीटविक्री सुमारे १ कोटी ८० लाख झाली आणि जगभरची मिळून सात कोटींच्या आत राहिली. त्यातला मोठा वाटा थिएटरवाल्यांचा, हे लक्षात घेतले म्हणजे तोटा किती, याची कल्पना येईल. त्याच महिन्यात कंपनीचा ‘मीट जो ब्लॅक’ हा दुसरा खर्चिक चित्रपटही अमेरिकेत अपेक्षेइतका चालला नव्हता. नोव्हेंबरच्या अखेरीस युनिव्हर्सल पिक्चर्सचे प्रमुख केसी सिल्वर यांनी पद सोडले. एक डुकराचे पिलू आणि एक मोठी खुर्ची यांचा असा संबंध जोडला गेला.

टीकाकारांत मात्र मतभेद होते. काहींना हा चित्रपट मुलांसाठी क्रूर आणि भीतिदायक वाटला. उलट शिकागोचे प्रसिद्ध समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी त्याला पूर्ण चार तारे दिले आणि पहिल्याहून तो सरस ठरवला. त्यांचे सहकारी जीन सिस्केल यांनी त्याला १९९८ या वर्षातील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हटले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, फेब्रुवारी १९९९ मध्ये, सिस्केल वारले.

असे घडण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. १९८५ साली डिस्ने कंपनीने ‘रिटर्न टु ओझ’ काढला होता. १९३९ चा ‘द विझर्ड ऑफ ओझ’ हा गाण्यानाचण्याचा, रंगीबेरंगी चित्रपट अमेरिकेच्या घराघरांत पोचलेला. वॉल्टर मर्च या दिग्दर्शकाने त्याच मुलीला पुन्हा पडद्यावर आणले. पण तिला झोप येत नाही, ती त्या अद्‌भुत देशाच्या गोष्टी सांगत राहते, म्हणून घरचे लोक तिला विजेचे उपचार करणाऱ्या डॉक्टराकडे नेतात, असा आरंभ केला. तोही चित्रपट पडला, आणि मर्च यांनी पुन्हा मोठा कथापट दिग्दर्शित केला नाही. दोन्ही वेळा चूक एकाच प्रकारची म्हणता येईल. लोकांनी ज्या गोडीसाठी तिकीट काढले, ती गोडी त्यांना मिळाली नाही.

आणि येथे आम्ही पालकांची बाजू मांडली पाहिजे. ती खोटी नाही. आठवडाभर राबून सुटीच्या दिवशी माणूस मुलांना घेऊन चित्रपटाला जातो. त्याला दोन तास निश्चिंतपणे हसायचे असते. पाटीवर गोजिरवाणे पिलू असते आणि ‘सर्वांना खुला’ असा शिक्का असतो. आत गेल्यावर बँक, कोठडी आणि बुडणारा कुत्रा! त्याला आपण फसलो असे वाटले तर त्याचे चुकले, असे आम्ही म्हणणार नाही. मालाच्या वेष्टनावर एक आणि आत दुसरे, ही तक्रार कोणत्याही गिऱ्हाइकाची रास्त तक्रार होय.

पण प्रश्न त्याहून मोठा आहे. मुलांना काय सांगावे, हा तो प्रश्न. आपल्याकडे या बाबतीत पूर्वीपासून फार नाजूकपणा नव्हता. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तीत कर्ज आहे, जप्ती आहे, अपमान आहे आणि अखेर आईचा मृत्यू आहे. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली तिच्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. महाराष्ट्रातील मुले तो पाहून रडली आणि त्यांच्या आयांनी त्यांना रडू दिले. त्याहून जुनी चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते आणि तो चिमणीच्या मेणाच्या घराशी येऊन दार ठोठावतो. चिमणी आतून एकामागून एक सबबी सांगते आणि दार उघडत नाही. दोन वर्षांच्या पोरालाही आपण ही गोष्ट घास भरवताना सांगतो. बेघराला दार न उघडण्याची गोष्ट आपण बाळघुटीबरोबर पाजतो, आणि चिमणीला शहाणी म्हणून मोकळे होतो! तेव्हा मुलांना काळोख दाखवावा की न दाखवावा, हा वाद आपल्यापुरता केव्हाच संपला आहे. उरतो तो एवढाच की, त्या काळोखात दार कोण उघडते. मिलर यांच्या गोष्टीत ते पिलू उघडते.

हे आम्ही पुस्तकी ज्ञानावर बोलत नाही. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही जेथे काम करीत होतो त्या कारखान्यात टाळेबंदी झाली. आमचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. आम्ही त्याला सांगितले की, बाबांना सुटी आहे. तो आनंदला. तीन महिने तो रोज सकाळी विचारी, आजही सुटी? आणि आम्ही हो म्हणत असू. पुढे शाळेत दुसऱ्या मुलाकडून त्याला खरे कळले. घरी येऊन तो काहीच बोलला नाही. मोठा झाल्यावर एकदा सहज म्हणाला, “बाबा, तुम्ही सभेत हजार माणसांना खरं सांगत होता, मला एकट्याला नाही सांगितलंत.” याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

त्यानंतर काही वर्षांनी दुसऱ्या एका ठिकाणी टाळेबंदी झाली, तेव्हा कामगारांच्या मुलांसाठी आम्ही दर रविवारी युनियनच्या हॉलमध्ये चादर बांधून चित्रपट दाखवू लागलो. एका रविवारी हा चित्रपट लावला. भाषा मुलांना येत नव्हती. आम्ही बाजूला उभे राहून मराठीत सांगत होतो. कुत्रा साखळीला लोंबकळू लागला, तेव्हा एक सहा-सात वर्षांची मुलगी उठली आणि बाहेर चपलांच्या ढिगाशी जाऊन बसली. आम्ही मागोमाग गेलो. ती म्हणाली, “त्याला कुणी काढणारे का?” आम्ही म्हटले, “काढणार आहे. आत येऊन बघतेस?” ती आली आणि दाराशी उभी राहून शेवटपर्यंत पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील कचेरीत आले. संतापलेले होते. म्हणाले, “भाऊ, पोरगी रात्रभर झोपली नाही. आपलंही घर बँकवाले नेणार का म्हणून विचारत होती. तुम्हांला दुसरं काही दाखवायला मिळालं नाही?” आम्ही त्यांना विचारले, “मग काय सांगितलंत?” ते गप्प झाले. मग म्हणाले, “खरं ते सांगितलं. तीन हप्ते थकलेत म्हणालो. बायकोलाही तेव्हाच कळलं.” आणि उठून गेले. पुढच्या रविवारी ती मुलगी आली नाही. त्यापुढच्या रविवारी आली, आणि बरोबर तिची आईही आली. ती युनियनच्या हॉलमध्ये प्रथमच येत होती. धान्यवाटपाच्या यादीत त्यांचे नाव तोवर नव्हते, कारण नवऱ्याने मागितलेच नव्हते. तिने ते घालून घेतले.

यावरून आम्ही मोठा सिद्धान्त काढीत नाही. त्या मुलीची एक रात्र झोपेविना गेली, आणि तिला जबाबदार आम्ही होतो. सर्वच मुलांना सर्वच दाखवावे असेही आमचे म्हणणे नाही. काळोख दाखवून तेथेच मुलाला सोडून देणारा चित्रपट आम्ही लावणार नाही. पण ज्या घरात हप्ते थकले आहेत, त्या घरातील मुलाला काहीतरी बिघडले आहे हे आधीच कळलेले असते. त्याला न कळलेली गोष्ट एवढीच असते की, याविषयी बोलता येते.

चित्रपटाचा शेवट सांगून आटोपतो घेतो. हॉटेलची मालकीण आपले हॉटेल नाचगाण्यासाठी भाड्याने देते आणि त्या पैशावर शेत वाचते. शेजाऱ्यांना आता रात्रभर वाजंत्री ऐकावी लागते. शहरातले ते बेघर प्राणी शेतावर राहायला येतात. हॉगेट बरे होऊन पुन्हा त्या पंपाशी जातात, जेथे अपघात झाला होता तेथेच. पंप सुरू होतो, पाणी येते. ते पिलाकडे पाहतात आणि पहिल्या चित्रपटाच्या शेवटी बोललेले तेच मोजके शब्द पुन्हा बोलतात. पिलाने अपघात केला होता हे ते विसरले नसावेत, आणि पिलूही विसरलेले नाही. पण पाणी आलेले असते.

मिलर यांनी त्यानंतर आठ वर्षांनी, २००६ साली, पेंग्विन पक्ष्यांचा ‘हॅपी फीट’ काढला. त्याला सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. त्यातही माणसाने रिकामा केलेला समुद्र आणि पिंजऱ्यात वेडा होऊ लागलेला पक्षी त्यांनी मुलांना दाखवलाच. एकदा तोटा होऊनही त्यांनी आपली रीत सोडली नाही, हे आमच्या मते नोंदवण्यासारखे आहे. डिक किंग-स्मिथ २०११ साली वारले. ‘बेब’चा दुसरा भाग आज अनेक जाणकार आदराने पाहतात, पण त्याने गमावलेला पैसा परत आला नाही. त्याची किंमत तिकीटविक्रीवरून करावी, की त्या रात्री एका घरात नवरा-बायकोत झालेल्या बोलण्यावरून करावी, हे ज्याने त्याने ठरवावे.

चिटणिसांनी आम्हांस कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलायला सांगितले होते. आमच्या समजुतीप्रमाणे आम्ही त्यावरच बोललो.